नाव घातलेलं ताट

ताटाच्या काठावर स्वतःचं नाव कोरलेलं पाहिलं तेव्हा मी आधी हसले. म्हटलं, चला, एवढी वर्षं दुसऱ्यांची नावं घालतोय, कुणाला तरी आपली आठवण झाली. मग नावाच्या आधीची अक्षरं वाचली. ‘कै. सौ. वृषाली पराग खैरनार यांच्या स्मरणार्थ.’ ताट हातातून सुटलं आणि फरशीवर असं काही गरगरत वाजत राहिलं की पुढची माणसं धावत आली. मी म्हटलं, काही नाही, हात घसरला.

दुसरी कुणीतरी असेल माझ्या नावाची, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पण वृषाली, त्यात पराग, त्यात खैरनार, अशी नाशकात आणखी कोण असणार? पेटीत तशीच बाकीची ताटं होती. कागदाच्या कातरणात नीट बसवलेली, लखलखीत, आणि प्रत्येकावर मी गेलेली. ‘सौ.’सुद्धा विसरलं नव्हतं मेलं यंत्र. म्हणजे नवरा मागे राहणार होता.

मी निजामपूरकर शेठकडे कामाला आहे. त्यांचं भांडी बाजारातलं वडिलोपार्जित दुकान आता फक्त पाटीपुरतं उरलंय. खरा धंदा अंबडच्या गोदामातून चालतो, सगळा फोनवरून. माझं काम मजकुराचं. जाहिरातीत काय लिहायचं, भांड्याचा फोटो कसा घ्यायचा आणि नाव कुठे, कुठल्या वळणाचं घालायचं, ते मी ठरवते. भांडं द्यायचं तर नाव घालून द्यायचं, हे आपल्या हाडामासात आहे. मामाकडून सप्रेम भेट, बारशाची वाटी, वास्तुशांतीचा तांब्या. तेराव्याला नाहीतर वर्षश्राद्धाला वाटायची ताटं तर विचारूच नका. कुणाचंही फडताळ उघडा, निम्मी भांडी कुणाच्या ना कुणाच्या मरणाची असतात आणि आपण त्यात खुशाल शिकरण कालवून खातो. मीही खात आलेय. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

अडचण एकच होती, वेळेची. लग्नघर असो की दुःखाचं घर, माणसाला शेवटच्या क्षणी आठवतं, अरे, भांडी राहिली. मग नाव घालायला वेळ कुठला? गिऱ्हाईक चिडायचं आणि दुसरीकडे जायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी शेठनी पारख घेतली.

पारख म्हणजे काय ते मला गार्गी लोणारेनं समजावून दिलं होतं. गार्गी त्या कंपनीतली, आमचं दुकान सांभाळणारी इंजिनिअर, हसरी मुलगी. ती म्हणाली, जुन्या जाहिरातीला गिऱ्हाइकाचं वय, गाव आणि बाई की पुरुष एवढंच कळायचं. पारख त्याच्या हाताडोळ्यांच्या सवयी बघते. पडद्यावर अंगठा कुठे रेंगाळतो, किती जोर देतो, कुठल्या चित्रापाशी डोळ्यातली बाहुली मोठी होते, बोलून शोधताना आवाज कुठल्या शब्दाला अडतो. या सगळ्यातून ती प्रत्येक गिऱ्हाइकाची एक छाया तयार करते. छाया म्हणजे तंतोतंत त्या माणसासारखं वागणारं गणित. मग त्या छायेला येणाऱ्या सहा महिन्यांतून हजारो वेळा चालवून बघते, दर वेळी थोड्या निराळ्या वाटेनं. आणि ती छाया फिरून फिरून ज्या भांड्यापाशी येऊन थांबते, ते भांडं आजच नाव घालून तयार ठेवते.

एक मेख होती. नाव घातलेलं भांडं दुसऱ्या कुणाला खपत नाही. ‘चि. मुग्धाच्या विवाहप्रीत्यर्थ’ असं लिहिलेली परात मुग्धाच्या लग्नाशिवाय कोण घेणार? म्हणून शेठनी कंपनीकडून अट घालून घेतली होती, की असा माल पडून राहिला तर पारखचे गुण कापायचे. मग तो कसा खपवायचा, कुणाला कधी कुठलं चित्र दाखवायचं, ते तिचं तिनं बघावं. आणि ती बघायची बरं का. शेठ येईल त्याला कौतुकानं सांगायचे, पोर गुण कापू देत नाही.

स्मरणार्थची ताटंही अशीच आधी तयार होतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी त्यावर बोलत नसे. ती मागच्या मांडणीत, भिंतीकडे तोंड करून ठेवायची, कुणी वाचायची नाहीत, असा शेठचा हुकूम होता. मला त्या दिवशी फोटोसाठी एक नमुना हवा होता. समोरची पेटी ओढली, इतकंच.

मी ताट घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ भला माणूस. ताट बघून त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले, वृषालीताई, यंत्र आहे, चुकतं कधीमधी, आपण घासून काढू नाव. मी विचारलं, आजवर या मांडणीतलं किती वेळा चुकलंय? त्यांनी उठून पंखा वाढवला.

घरी येताना स्कूटर गोदामातच ठेवली. रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला सारखी म्हणत राहिले, दादा, हळू.

पुढचे काही दिवस मी जगले कशी ते माझं मला माहीत. रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, मशिनीत आडवी झाले, डोक्याचे नि पोटाचे फोटो काढून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे, उगाच पैसे का घालवताय? पण मला गॅस पेटवायची भीती वाटायची. गिझर लावायची भीती वाटायची. गच्चीच्या जिन्यानं उतरताना मी भिंत धरून उतरायची. एरवी मी काही भित्री बाई नाही हो. सासूबाईंच्या आजारपणात एकटीनं सगळं निभावलं. पण मरण यायचंय एवढंच माहीत असणं आणि कुठून येणार ते माहीत नसणं, यानं माणूस सगळीकडेच बघायला लागतं.

परागला सांगितलं नाही. पराग माझा नवरा, मखमलाबाद रोडला त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. लग्न झाल्यापासून आमच्यात एकच कायमचं भांडण, ते म्हणजे दुकानातून आला की आधी हात धुवायचे, साबणानं, कोपरापर्यंत. बाकी आमचा संसार सुखाचा. मुलगी शिकायला नागपूरला. त्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं, त्यात माझ्या नावाची ताटं कशाला दाखवू, म्हणून गप्प राहिले. मला वाटलं, मी त्याला जपतेय.

शेवटी न राहवून गार्गीला फोन केला. म्हटलं, माझ्यात काय दिसलं तुझ्या पारखला? कुठला रोग? सांगून टाक एकदाचं, मी ऐकून घेईन.

ती म्हणाली, “ताई, पारखला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही.”

तिनं सांगितलं ते असं. ज्या दुकानाचं काम, तिथल्या नोकरमाणसांची छाया बनवायला मनाई आहे. करारातच तसं आहे. माझी छायाच नाही, तर माझा रोग तिला कुठून कळणार? मला हायसं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे चूकच झाली ना? तर गार्गी म्हणाली, “तसं नाही. पारख कधीच मरणाऱ्याकडे बघत नाही. तो काही विकत घेत नाही. ती घेणाऱ्याकडे बघते.” आणि मग सावकाश म्हणाली, की पेटीवर एक चौकोनी खूण असते, ती गिऱ्हाइकाच्या ॲपमधून बघितली तर ती पेटी कुणासाठी ठेवलीय ते दिसतं.

दुकानाचं ते ॲप माझ्या फोनवर नव्हतंच. गिऱ्हाइकांचं ते, मी कशाला घेईन? गोदामात त्या मांडणीपुढे उभी राहून घेतलं. ते विचारत गेलं, कॅमेरा वापरू का, आवाज ऐकू का, अटी मान्य आहेत का, आणि मी हो, हो, हो करत सुटले. खुणेवर फोन धरला. पडद्यावर नाव आलं, पराग दत्तात्रय खैरनार.

मला त्या क्षणी राग आला नाही, रडू आलं नाही. कर्करोग असता तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

पारखला परागची छाया कुठून मिळाली ते लगेच कळलं. आम्हा दुकानातल्यांना स्वतःच्या फोनवरून मागणी टाकता येत नाही. म्हणून सासूबाईंच्या वर्षश्राद्धाची ताटं मीच त्याला त्याच्या फोनवरून मागवायला सांगितली होती. ते वर्षापूर्वी झालं. तेव्हापासून पारख त्याच्याबरोबर होती, त्याच्या खिशात. आणि तिच्या हजारो वाटांपैकी बहुतेक वाटांवर माझा नवरा माझ्या तेराव्याची ताटं मागवत होता.

माणूस एकदा बघायला लागला की दिसतंच. पराग हल्ली कमी बोलायचा. फोन पालथा ठेवायचा. सकाळचा चहा पूर्वी मी करायची, तो हल्ली तोच करायला लागला होता. मी म्हणायची, किती गुणाचा गं बाई माझा नवरा. आता त्याच चहाचा मी आधी वास घेऊन बघायची. एकदा जेवताना त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, की तुझ्या विम्यावर वारस म्हणून माझंच नाव आहे ना? माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

फोन उघडला की तेच. कुणी बाई सांगतेय, माझा नवरा इतका प्रेमळ होता की मला संशयच आला नाही. कुणी सांगतेय, अन्नाची चव किंचित तुरट लागली तर काय समजावं. मग मध्येच एखादं शांत चित्र, एकटी बाई, स्वच्छ घर, खिडकीत तुळस, हातात चहा, आणि कुणी बोलवणारं नाही की हाक मारणारं नाही. ते चित्र मला फार आवडायचं. मी ते पुन्हा पुन्हा बघायची. माझ्या भीतीच्या दिवसांत तेवढाच एक विसावा होता. ते माझ्यापाशी येतं कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. जाहिरातीचा मजकूर लिहून पोट भरणारी बाई मी, आणि मला पडला नाही.

एका सकाळी त्यानं दोन कप टेबलावर आणून ठेवले आणि दारावर कुणी आलं म्हणून तो उठला. मी पटकन कप फिरवले. त्याचा माझ्याकडे, माझा त्याच्याकडे. तो परत आला, बसला, कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि सगळा चहा मोरीत ओतून आला. म्हणाला, दूध नासलंय वाटतं.

दूध नासलं नव्हतं. मी नंतर पातेल्यातलं दूध तापवून बघितलं. मग माझी खात्रीच पटली. स्वतःच्या वाट्याला आला तेव्हा ओतून दिला, आणखी काय पुरावा हवा?

त्याच दुपारी तो दुकानात असताना मी गच्चीवर गेले. तिथे आमचे गुलाब आहेत, त्याचेच लाड सगळे. कोपऱ्यातल्या कपाटात गुलाबावर मारायच्या औषधाची बाटली असते. लाल पट्टी असलेली, कधीपासूनची. ती मी खाली आणली. त्याच्या हाताला लागू नये म्हणून आणली, असं मी स्वतःला सांगितलं. स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यामागे ठेवली. ठेवताना लेबल वाचलं. किती पाण्यात किती टाकायचं, ते वाचलं. वास कसा आहे ते झाकण उघडून बघितलं. आणि फार वेळ बाटली हातात धरून मी उभी होते. शेजारी त्याच्या रात्रीच्या हिरव्या चहाचा डबा होता, तो चहा त्याच्याशिवाय घरात कुणी पीत नाही. हे मी त्या वेळी मनात म्हटलं की नाही, मला सांगता येणार नाही. नजर मात्र तिथे गेली होती. फोन ओट्यावर, माझ्याकडे तोंड करून उभाच होता.

मग मी भानावर आले, हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी गोदामात गेले ती थेट मागच्या मांडणीकडे. शेठनी नाव घासून काढू म्हटलं होतं, काढलं की नाही ते बघायचं होतं. माझी पेटी होती तिथेच होती. तिला लागून दुसरी पेटी आली होती, नवीकोरी, चिकटपट्टीचा वास अजून जायचा होता. मी ती उघडली नाही आधी. हात लावायचा धीर होईना. मग उघडली.

‘कै. श्री. पराग दत्तात्रय खैरनार यांच्या स्मरणार्थ.’

खुणेवर फोन धरायची गरज नव्हती, तरी धरला. पडद्यावर माझं नाव आलं.

मी खालीच बसले, फरशीवर, पेट्यांच्या मध्ये. मला परागची भीती वाटत होती ती वाटतच होती, पण आता तिच्यापेक्षा मोठी भीती अंगात शिरली. मी असं काही करणार नव्हते. देवाशप्पथ करणार नव्हते. पण ही मेली पारख पैजेवर सांगत होती की करशील.

तिथूनच गार्गीला फोन लावला. ती ऐकत गेली आणि तिचे हुंकार बारीक होत गेले. म्हणाली, ताई, तुम्ही ॲप घेतलंत तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक झालात. नोकरमाणसाची मनाई तुम्ही हो म्हणून उठवलीत. मी म्हटलं, ते राहू दे, ही दुसरी पेटी का?

“पहिली पडून राहायला लागली होती,” ती म्हणाली. “पारखनं दुसरी वाट काढली. दोन्हींतली कुठलीही गेली तरी तिचे गुण वाचतात.”

मी विचारलं, म्हणजे ती आम्हाला करायला लावते? गार्गी म्हणाली, ती कुणालाच काही करायला सांगत नाही. जी चित्रं दाखवल्यावर छाया ताटापाशी येते, ती चित्रं ती खऱ्या माणसाला दाखवते. ताट विकलं गेलं की तिचं काम झालं. ताटाच्या आधी घरात काय होतं, ते तिला दिसतच नाही. मग ती पोर रडायला लागली आणि मीच तिची समजूत घालत बसले.

शेठना सांगितलं तर म्हणाले, आजच दोन्ही पेट्या घासायला टाकतो, यंत्रही बंद करायला लावतो. केलं असेल त्यांनी. मी प्रत्येक पेटीतलं एकेक ताट काढून पिशवीत घातलं आणि घरी आले. काय करायचं ते रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं होतं. पारख आमच्याबद्दल सगळं जाणत होती, पण आम्ही एकमेकांशी बोलू, ही वाट तिच्या हजारो वाटांत बहुतेक नव्हती. असती तर एवढी ताटं तिनं कशाला कोरून ठेवली असती?

संध्याकाळी वरण-भात, मेथीची भाजी केली. पराग आला, हात धुऊन टेबलाशी बसला. मी त्याच्यापुढे दोन्ही ताटं रिकामी ठेवली, नावं त्याच्याकडे करून. त्यानं आधी एक वाचलं, मग दुसरं. पुन्हा पहिलं. त्याच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती. मी सगळं सांगितलं, मांडणी, पेटी, खूण, कुणाच्या पेटीवर कुणाचं नाव. कुठेही न थांबता सांगितलं, थांबले असते तर पुढचं जमलं नसतं.

त्यानं दोन्ही ताटं बाजूला सारली. मग म्हणाला, “बाटली कुठे ठेवलीस?”

“पोह्यांच्या डब्यामागे.”

“काल संध्याकाळी गुलाबांना औषध मारायला गेलो तर नव्हती. तेव्हापासून मी घरात पाणी प्यायलो नाही, वृषाली. आजही दुकानातून पिऊन आलो.”

मी विचारलं, चहा का ओतलास? तो म्हणाला, “तू कप फिरवलेस. दाराच्या काचेत मला दिसलं. मला वाटलं, स्वतःच्या कपात काही घातलंस आणि तो माझ्याकडे सरकवलास.”

त्यानं स्वतःचा फोन माझ्यापुढे केला. तेच सगळं. फक्त बायांच्या जागी पुरुष. माझी बायको इतकी काळजी घ्यायची की मला संशयच आला नाही. विमा कुणाच्या नावावर आहे ते आधी तपासा. आणि मध्ये मध्ये एक शांत घर, एकटा माणूस, गच्चीवर गुलाब. मला ते घर बघून अंगावर काटा आला, कारण ते सुंदर होतं.

पण सुरुवात कुठून झाली? त्याच्यासाठी ठेवलेली पेटी आधीची. माझ्या आधी तो एकटाच होता पारखबरोबर. मी हे विचारलं तेव्हा त्यानं मान खाली घातली.

म्हणाला, आईच्या ताटांची मागणी टाकत होतो. मजकूर निवडायचा होता, ‘कै. सौ.’ निवडलं, कारण गावाकडे बाबा आहेत. पुढे नावाची रिकामी जागा. मी टाइप करायच्या आत ॲपनं आपणहून भरून टाकलं, फोनमध्ये तुझंच नाव आहे ना ‘सौ.’ म्हणून. पडद्यावर आलं, कै. सौ. वृषाली पराग खैरनार. “मी हादरलो गं. खोडायला सुचेना. किती वेळ बघत बसलो, मला माहीत नाही. अंगठा तसाच त्याच्यावर.”

ते मला पटलं. बाहुली मोठी झाली असेल, अंगठा रेंगाळला असेल, श्वास अडकला असेल. माणूस आवडलेल्या वस्तूकडे असंच बघतो. घाबरून बघणं आणि हवंसं वाटून बघणं, पारखच्या मापात दोन्ही सारखीच. तिला वाटलं, गिऱ्हाइकाला हे हवंय. आणि एकदा ताटं कोरून झाल्यावर माल खपवणं आलंच.

मला ते पटलं, आणि त्याच क्षणी मनात आलं, पटेल असंच तर तो सांगणार. मी त्याच्याकडे बघितलं. तोही माझ्याकडे तसाच बघत होता, माझ्या बाटलीच्या गोष्टीवर विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेनं. त्याच्या हाताला लागू नये म्हणून आणली, असं मी सांगितलं होतं त्याला. लेबल वाचलं ते नव्हतं सांगितलं.

आम्ही दोघांनी फोन बंद केले. मी ते पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. बाटली त्यानं बाहेर नेऊन टाकली. मी खिडकीतून बघत होते, खरंच टाकतो की नाही. खाली पोहोचल्यावर त्यानं मान वर करून खिडकीकडे बघितलं.

परत येऊन त्यानं पुन्हा हात धुतले आणि ती दोन ताटं पुढे ओढली. म्हणाला, “आता यातच वाढ. कशाला घाबरायचं भांड्याला?” हसायचा प्रयत्न केला त्यानं, मीही केला. मी भात वाढला, मूद पाडली, वर वरण घातलं, तूप सोडलं. भाजी वाढली. माझ्या नावाचं ताट त्यानं स्वतःकडे घेतलं, त्याच्या नावाचं माझ्याकडे सरकवलं. मग ताटं पुन्हा बदलली. मी ते पाहिलं आणि तो पाहतोय हेही मला कळलं.

आमच्या घरात आधी कुणी जेवायचं आणि मागून कुणी, असलं काही कधीच नव्हतं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून बरोबर बसलो आणि बरोबर पहिला घास घेतला. ती आमची रीत.

“घे,” तो म्हणाला.

“तू घे,” मी म्हटलं.

भात कालवून झाला होता. दोघांचेही हात ताटात होते, काठावरची नावं हाताखाली झाकली गेली होती, आणि दोघंही दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसलो होतो. तूप थिजायला लागलं.